संत्र्याच्या बुडाशी राख

मित्रांनो, बुडाला एकवीस भोकं असलेला डबा कोणाच्या काय कामाचा? तेल ठेवलं तर गळेल, साखर ठेवली तर मुंग्यांचं फावेल. म्हणून आजकाल मला कोणी विचारत नाही. कारंजा घाडगे गावात नलूबाईंच्या घरामागे, कुंपणाच्या खुंटाला मी उलटा लटकून असतो. पाऊस आला की भिजतो, ऊन आलं की तापतो आणि वारा सुटला की खुंटावर आपटून टणटण वाजतो. तेवढीच माझी बडबड.

मी राखेचा जुना डबा आहे. हो, राखेचाच! हसा बाप्पा, हसा. पण एके काळी आंजी मोठी या गावात माझा काय दिमाख होता, ते तुम्ही पाहिलं नाही. गावातल्या बायका मला हातात घेऊन न्याहाळायच्या. त्या कौतुकानेच आमचं डोकं फिरलं, माझंही आणि मला हातात धरणाऱ्या माउलीचंही. पुढे माझ्या हातून एक वाईट काम झालं. मला हात नाहीत, पण म्हणायची आपली एक रीत. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

जन्माने मी वनस्पती तुपाचा डबा. चार किलोंचा. अंगावर पिवळाधमक रंग आणि कमरेला लाल पट्टा. एकोणीसशे एक्काहत्तर साली किसनरावांनी मला वर्ध्याच्या बाजारातून आणलं, ते त्यांच्या बहिणीच्या लग्नासाठी. किसनराव हे आंजीचे शेतकरी, कापूस आणि तूर पिकवणारे. आनंदाबाई त्यांची बायको. नलू त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा दहा वर्षांची. लग्नाच्या बुंदीत माझं तूप संपलं आणि मला वाटलं, आता आपण मोडीत निघालो. पण आनंदाबाईंनी मला उचललं, उलटंसुलटं केलं, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाल्या, "पत्रा चांगला हाय. राहू द्या याले."

मी खूश झालो. वाटलं, आता डाळ ठेवतील, नाहीतर गूळ. कशाचं काय! त्यांनी मला अंगणात पालथं घातलं, एक खिळा घेतला, एक दगड घेतला आणि माझ्या बुडात ठाण ठाण भोकं पाडायला सुरुवात केली. काय दुखलं म्हणून सांगू! नलू शेजारी उकिडवी बसून मोजत होती. एकविसाव्या भोकाला खिळा वाकला, म्हणून आनंदाबाई थांबल्या. नाहीतर मी चाळणीच झालो असतो. मग किसनरावांनी तारेची कडी लावून दिली आणि माझी नेमणूक झाली चुलीशेजारी.

आता राखेचं काम म्हणजे काय, ते गॅसच्या घरात वाढलेल्या मुलांना कसं कळणार? ऐका. आमच्या भागात कापूस वेचून झाला की शेतात कपाशीची वाळकी झाडं उरतात, त्यांना पऱ्हाटी म्हणतात. ती उपटून, मोळ्या बांधून घरामागे रचतात आणि वर्षभर चुलीत जाळतात. पऱ्हाटीची राख पांढरी, हलकी, ज्वारीच्या पिठासारखी मऊ. आनंदाबाई ती पूर्ण थंड होऊ द्यायच्या, हात घालून विस्तव नाही ना पाहायच्या, कोळसे वेचायच्या आणि झाकण लावून मडक्यात कोरडी ठेवायच्या. "भिजली का राखेतला जीव वाहून जाते," असं त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं.

घरामागच्या जागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. आनंदाबाईंच्या सांदवाडीत वांगी, दोडके, कारली, वाल, एका कोपऱ्यात गवती चहा. सकाळी उजाडता उजाडता, पानांवर दव असतानाच त्या मला भरून घ्यायच्या. एका हातात कडी धरायची आणि दुसऱ्या हाताने मला हलकेच थापट्या मारायच्या. माझ्या एकवीस भोकांतून राख भुरभुरत पानांवर पडायची आणि दवाला चिकटून बसायची. मग दोडक्याच्या पानांवरचे लाल भुंगे पळायचे, वालाच्या शेंड्यावरचा मावा हटायचा. वांग्याच्या बुडापासून वीतभर दूर दोन मुठी राख मातीत कालवायची, तीही महिन्यातून एकदा. माप ठरलेलं होतं. दोन म्हणजे दोन.

वांगी अशी तुकतुकीत यायची की शेजारच्या देवकाबाई कुंपणावरून मान लांब करून विचारायच्या, "आनंदाबाई, काय टाकता वो तुम्ही वांग्याले?"

"राख टाकतो. अजून काय टाकू?"

"राख तर आमच्याही घरी हाय."

"तुम्ही भांडे घासता वो तिनं. राख म्हणजे चुलीचं लोणी हाय, देवकाबाई. भांड्याले फासाले नाई देल्लं देवानं!"

हे चुलीचं लोणी गावभर झालं. कारल्याला कीड लागली की बायका आनंदाबाईंकडे यायच्या आणि आनंदाबाई मला घेऊन निघायच्या. मीही ऐटीत कडी वाजवत जायचो. हळूहळू आमचा दोघांचाही समज झाला की राखेने बरं होत नाही असं झाड जगात नाहीच. इथेच आमचं चुकलं, पण ते तेव्हा कळलं असतं तर मी आज हे कशाला सांगत बसलो असतो?

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली नलूचं लग्न झालं. जावई प्रभाकरराव, कारंज्याचे. मुलगा मोठा सालस होता आणि घरची संत्र्याची बाग होती. पाठवणीच्या वेळी नलू माझ्याजवळ आली, माझ्या बुडावरून बोट फिरवलं आणि रडता रडता हसून म्हणाली, "एकवीस." तेव्हा मला भरून आलं, मित्रांनो. रिकामा होतो तरी भरून आलं.

आता एक रीत सांगतो, कारण सारं त्या रीतीवर अडलं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरचं पाणीही घ्यायचं नाही, अशी आनंदाबाईंच्या घरची रीत. किसनराव एकदा नलूच्या पुतण्याच्या बारशाच्या निमित्ताने कारंज्याला गेले, तेव्हा घरून भाकर आणि पाण्याचा तांब्या बांधून घेऊन गेले होते. आनंदाबाई मात्र गेल्याच नाहीत. म्हणायच्या, "लेक समोर पाण्याचा गिलास घेऊन उभी राहीन अन् मी नाई म्हणू? माह्यानं नाई होत ते. तिच्या घरी पाळणा हालू द्या, मंग मी चार दिवस राहून येतो." आणि वाट पाहत राहायच्या.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी श्रावणात नलू माहेरी आली, ती मांडीवर एक गाठोडं घेऊन. ओल्या पेंढ्यात गुंडाळलेलं संत्र्याचं कलम होतं ते, हातभर उंचीचं, सात-आठ पानं असलेलं.

"माय, हे आमच्या बागेतलं. सासूबाईनं स्वतः काढून देल्लं. पाच-सहा वर्सात फळते."

आनंदाबाईंनी सांदवाडीच्या मधोमध खड्डा खणला, शेणखत घातलं आणि लेकीच्या हाताने ते कलम लावलं. नलूने सांगितलं, "पाणी बेतानं देजो, बुडाशी साचू देऊ नको." राखेबद्दल ती काही बोलली नाही. कारंज्यात संत्र्याला कोणी राख घालतच नव्हतं, तर ती नको म्हणणार तरी कशाला? आनंदाबाईंनी मातीचा हात पदराला पुसला आणि म्हणाल्या, "याचं पहिलं फळ तुह्या ओटीत टाकीन, नलू. पाहजो, तोवर तुही कूस भरली असन."

नलू लाजली. पण मी तिच्याकडे पाहत होतो. तिने ते खरं मानलं होतं. आनंदाबाईंनी तर मानलंच होतं.

पहिली दोन-तीन वर्षं झाड छान वाढलं. महिन्याला दोन मुठी राख त्यालाही मिळायची. झाड किसनरावांच्या खांद्याला आलं, तेव्हा देवकाबाई म्हणाल्या, "राखेची करामत हाय वो बाई!" मी छाती फुगवली. खरं सांगू का? ते वाढलं शेणखतावर आणि आनंदाबाईंनी विहिरीवरून डोक्यावर आणलेल्या पाण्यावर. नाव मात्र माझं झालं. फुकटचं नाव घ्यायला मला काही लाज वाटली नाही.

पण एकामागून एक वर्षं गेली आणि नलूकडून ती बातमी काही आली नाही. नलू दिवाळीला आली की बायका आधी तिच्या तोंडाकडे पाहायच्या, मग तिच्या पोटाकडे. ती हसून वेळ मारून न्यायची आणि सांदवाडीत जाऊन झाडाच्या पानांवरची धूळ पुसत बसायची. एकदा तिने विचारलं, "माय, कळी धरन ना वं यंदा?" त्या प्रश्नात काय काय होतं, ते आनंदाबाईंना कळलं. मलाही कळलं.

त्या दिवसापासून माप सुटलं. दोन मुठींच्या चार झाल्या. महिन्याच्या राखेची आठवड्याची झाली. मग मुठी गेल्या आणि मीच आख्खा ओतला जाऊ लागलो. हळूच भुरभुर नाही, वीतभर अंतर नाही. भरलेला डबा थेट बुडाशी पालथा! राख ओतताना आनंदाबाई तोंडाने पुटपुटायच्या, "फळ रे बाबा, फळ. माह्या लेकीसाठी फळ."

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात झाडाची पानं पिवळी पडायला लागली. पिकून पिवळी होतात तशी नाही. कोवळी, शेंड्याची पानंच पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. संक्रांतीच्या सुमारास प्रभाकरराव काही कामाने वर्ध्याला आले होते, ते वाटेत आंजीला उतरले. आनंदाबाई स्वयंपाकात होत्या. जावई हातपाय धुवायला सांदवाडीत आले, झाड पाहिलं, वाकले, बुडाशी बोट घातलं. बोट पांढरं झालं. मी मागच्या दाराजवळच खुंटीला होतो. ते किसनरावांना हळू आवाजात म्हणाले, "मामाजी, रागवू नका. संत्र्याले राख नाई टाकत. आपल्या काळ्या मातीत चुनखडी आधीच हाय. राखेनं ते अजून वाढते, अन् मंग झाडाले मातीतलं लोह भेटत नाई. म्हून पानं पिवळी पडते. ही राख खरडून काढा, शेणखत द्या. अजून वाचते झाड."

मित्रांनो, ते ऐकलं आणि मी खुंटीवरच गार पडलो. मी? मी झाड मारून राहिलो होतो?

"तुम्हीच सांगा ना तिले," किसनराव म्हणाले.

"मी कसा सांगू? जवायानं येऊन सासूच्या हाताले नावं ठेवावं का? तुम्ही सांगजा."

प्रभाकरराव जेवले, तिळगूळ घेऊन गेले. किसनराव संध्याकाळपर्यंत बायकोच्या मागे-पुढे घुटमळले. बैलावर ओरडायचं झालं तर चार शेतं ऐकतील असा आवाज त्या माणसाचा. पण आनंदाबाई कंदील लावत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जावई येऊन गेल्याचा आनंद होता. किसनरावांनी दोनदा खाकरलं आणि कसंबसं म्हणाले, "जवाई म्हणत होते, झाड पिवळं पडलं."

"पडलं ना! मीबी तेच म्हणतो," आनंदाबाई म्हणाल्या. "राख कमी पडते त्याले."

किसनरावांनी तोंड उघडलं. मी खुंटीवरून जीव एकवटून पाहत होतो. म्हणा! म्हणा की, अगं बाई, राख बंद कर! पण त्यांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं, आणि ते गोठ्याकडे निघून गेले. नंतर सांगू, असं त्यांना वाटलं असेल. ते नंतर कधी आलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून आनंदाबाई देवकाबाईंच्या चुलीचीही राख मागून आणू लागल्या. मी रोज भरायचो आणि रोज ओतला जायचो. कडी निसटावी, तार तुटावी, बूड गळून पडावं, असं मला वाटायचं. पण पत्रा चांगला होता ना माझा! पाणी घातलं की ती राख भिजायची, वाळायची आणि घट्ट बसायची. झाडाच्या बुडाशी पांढरी भाकरी थापल्यासारखं झालं. पानं गळाली, मग टोकाकडून फांद्या वाळत आल्या. पंच्याऐंशीच्या चैत्रात शेवटचं पान गळालं. कळी धरली नाही ती नाहीच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नलू आली. पायातली चप्पलही न काढता सरळ सांदवाडीत गेली आणि झाडासमोर थबकली. आनंदाबाई मागून आल्या. मी त्यांच्या हातातच होतो, भरलेला. वाळल्या झाडालाही त्या राख घालायला निघाल्या होत्या, काय म्हणावं!

"काऊन मरलं वं नलू?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान पोरीसारखा झाला होता. "मी तं काईच कमी नाई केलं. पाणी देल्लं, राख देल्ली. पोटच्या लेकरावानी जपलं त्याले."

नलू खाली बसली. तिने खुरपी घेतली आणि बुडाशी खरडलं. खाली चार बोटं जाड पांढरा थर निघाला. त्याचा एक तुकडा तिने हातात घेऊन मोडला. संत्र्याच्या बागेतली सून ती. तिला एका नजरेत सारं कळलं, हे तिच्या पाठीवरून मला दिसलं.  त्या झाडावर तिने सहा वर्षं आशा लावली होती, आणि ते तिच्या आईनेच मारलं होतं, माझ्या हाताने.

मग ती उठली, तो तुकडा कुंपणापलीकडे भिरकावला आणि म्हणाली, "वाळवी लागली होती, माय. आतून खाल्लं तिनं. तुही काई चूक नाई."

 आनंदाबाईंच्या बोटांची माझ्या कडीवरची पकड बदलली. जन्मभर त्याच सगळ्यांना सांगत आल्या होत्या की राख असते तिथे वाळवी फिरकत नाही. दाराच्या चौकटीखाली, धान्याच्या कणगीखाली त्या राख घालायच्या, ती वाळवीसाठीच. त्यांनी मला हळूच खाली ठेवलं आणि घरात निघून गेल्या.

नलू सासरी गेल्यावर आनंदाबाईंनी मला कुंपणावर टांगलं आणि तिकडे पाहणंच सोडलं. चुलीतली राख उकिरड्यावर जाऊ लागली. ज्येष्ठात दोडक्याच्या वेलांवर लाल भुंगे आले आणि पानांची चाळण झाली. देवकाबाई कळवळून म्हणाल्या, "अवो, चिमूटभर राख तं टाका!" आनंदाबाई म्हणाल्या, "नाव नका काढू राखेचं." मला वाईट वाटलं. संत्र्याला मी नको होतो, हे खरं. पण दोडक्याला तर हवा होतो! एकदा अती झालं म्हणून अगदीच सोडलं, आणि त्यात बिचारे वेल गेले.

आषाढात एके सकाळी मात्र त्यांनी मला काढलं. धुतलं, पुसलं. माझ्यात माती भरली आणि वांग्याची दहा-बारा रोपं टोचली. किसनरावांनी विचारलं, "कुठं?"

"कारंज्याले."

"अन् रीत?"

"तुमच्यापाशी ठेवा," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

आर्वीला गाडी बदलून आम्ही कारंज्याच्या एसटीत बसलो. रोपांना पाणी शिंपडलं होतं, ते माझ्या एकवीस भोकांतून टपटपत होतं. कंडक्टर ओरडला, "माय, काय गळून राह्यलं हे?" आनंदाबाई म्हणाल्या, "पाणी हाय बापू. लेकीच्या घरी चाललो पहिल्यांदा." कंडक्टर त्या थेंबांवरून पाय उचलून पुढे गेला.

दारात आईला पाहून नलूच्या हातातलं सूप खाली पडलं. सासूबाई बाहेर आल्या, प्रभाकरराव बागेतून धावत आले. आनंदाबाई मला हातात घेऊन म्हणाल्या, "आधी बाग दाखवा मले."

आम्ही बागेत गेलो. हिरवीगार, काळपट हिरव्या पानांची झाडं ओळीने उभी होती. आनंदाबाई एका झाडाजवळ बसल्या, त्याच्या बुडाची माती मुठीत घेऊन पाहिली. काळी माती. पांढरा कणही नाही.

"याले काय टाकता, जवाईबापू?"

प्रभाकरराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "शेणखत. पाणी."

"राख?"

"नाई टाकत. संत्र्याले मानवत नाई ते, आपल्या मातीत."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

 प्रभाकररावांनी सांगितलं, "सांगतलं होतं. संक्रांतीले. मामाजीले."

 मला वाटलं, आता नवऱ्याच्या नावाने बोटं मोडतील. पण त्या म्हणाल्या, "त्यायनं मले येवढंच सांगतलं का झाड पिवळं पडलं. अन् मी... मी तरी कुठं विचारलं? सहा वर्सात एक डाव इथं आली असती, तं हे डोळ्यानं दिसलं असतं मले. पाणी प्याचं नाई म्हून आली नाई. कोणाचं भलं झालं त्यानं?"

मग त्या लेकीकडे वळल्या. "नलू, तहान लागली वं. पाणी दे."

नलूने आईकडे पाहिलं. तिच्या घरात अजून पाळणा हलला नव्हता. ती विहिरीवर गेली, तांब्या भरून आणला आणि आईपुढे धरला. आनंदाबाईंनी तो तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि न थांबता, वरून ओतत, सगळं पाणी संपेपर्यंत प्याल्या. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "वाळवी म्हणे! राखेत वाळवी लागते का वं कधी?"

नलू आईच्या गळ्यात पडली आणि इतका वेळ, इतके महिने धरून ठेवलेलं रडू तिला आलं. "त्याचं पहिलं फळ माह्या ओटीत टाकणार होती तू," ती म्हणाली. आनंदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत एवढंच म्हणत राहिल्या, "चुकली वं माय तुही. चुकली."

चार दिवसांनी त्या आंजीला परत गेल्या. घरी गेल्यावर किसनरावांना काय बोलल्या, ते मला ठाऊक नाही, कारण मी कारंज्यालाच राहिलो. जाताना त्यांनी मला नलूच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "वांग्याले दोन मुठी. वेलाच्या पानाले भुरभुर. संत्र्याकडे याचं तोंडही करू नको."

नलूने ते अगदी तसंच पाळलं. दोन वर्षं मी कारंज्याच्या परसात वांग्यांना राख दिली, दोन मुठी म्हणजे दोन मुठी. मग घरी गोबरगॅस आला. निळी ज्योत, धूर नाही, नलूचे डोळे आता चुरचुरत नाहीत. चांगलंच झालं. पण राखही नाही. म्हणून मी या खुंटाला. समोर बाग दिसते. मृगात संत्री धरतात, हिवाळ्यात केशरी होतात. नलूबाई पहिल्या तोड्याची दोन संत्री दर वर्षी फडक्यात बांधून आंजीला पाठवतात. ती बांधताना पाहिलं की मला ते वाळकं झाड आठवतं आणि गंजलेलं अंग पुन्हा दुखतं.

मित्रांनो, कोणाच्या घरी अजून चूल पेटत असेल तर राख उकिरड्यावर फेकू नका. कोरडी ठेवा, भाजीला द्या, पण मुठीने मोजून. आणि झाडावर कितीही माया असली तरी आधी त्याला काय मानवतं ते जाणत्याला विचारा. गरज पडली तर त्याच्या दारी जा, त्याच्या घरचं पाणी प्या. आणि कोणी तुमच्याजवळ निरोप दिला, तर तो अर्धा गिळू नका. त्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मला सगळं माहीत होतं आणि एक अक्षर बोलता येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं.